डझन म्हणजे किती?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. वय साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. आता त्या एसटीची पाटी वाचतात, रेशनकार्ड वाचतात, आणि नातवाने पुस्तकातले चुकीचे वाचले तर त्याला थांबवतात. मावशींच्या घरी कोंबड्या आहेत. घरची आणि वाडीतल्या शेजारणींची अंडी गोळा करून त्या दर आठवड्याला बाजारच्या गावी नेतात आणि एका व्यापाऱ्याला देतात.

एकदा वर्ग सुटायच्या वेळेला मावशींनी पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी काढली. ती आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "हे बघा बरं, काय लिहिलंय. आकडा मला कळतो. त्याच्या पुढचं कळत नाही."

चिठ्ठीवर ८ हा आकडा होता. त्याच्यापुढे दोन इंग्रजी अक्षरे होती. आम्ही म्हणालो, "मावशी, हे आठ डझन आहे. अंडी किती दिली होती?"

"चार ट्रे."

"एका ट्रेत किती बसतात?"

मावशी जरा थांबल्या. "ते कोण मोजतंय? ट्रे म्हणजे दोन डझन, असं तो म्हणतो. पहिल्यापासून तसंच चालत आलंय."

वर्गातल्या एकाच्या घरी कागदाच्या लगद्याचा रिकामा ट्रे होता. तो मागवला. मावशींनीच बोट ठेवून खळगे मोजले. एका ओळीत सहा, अशा पाच ओळी. म्हणजे तीस. तीस म्हणजे दोन डझन नव्हेत, अडीच डझन. चार ट्रेची अंडी १२० झाली, आणि १२० म्हणजे बरोबर १० डझन. पैसे मिळत होते आठ डझनांचे. दर आठवड्याला चोवीस अंडी फुकट जात होती. भाव डझनाला १२० रुपये होता, म्हणजे आठवड्याला २४० रुपये गेले. असे किती आठवडे गेले, त्याचा हिशेब आम्ही करणार होतो. मावशींनी तो करू दिला नाही. "राहू द्या," एवढेच म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पण हा डझन आला कुठून? आमची आई विसानं मोजायची. एक विसा, दोन विसा. हाताला बोटं दहा, पायाला दहा, त्याचे वीस झाले, हे समजतं. हे बारा कशाला?"

प्रश्न चांगला होता. वर्गातल्या कुणालाच उत्तर येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही सगळे येत नव्हते. मग आम्ही पुस्तके पाहिली. जे सापडले ते या पाठात देत आहोत.

आधी अक्षरे ओळखू

इंग्रजीत हा शब्द पाच अक्षरांनी लिहितात. डी, ओ, झेड, ई, एन. मोठ्या अक्षरांत लिहिले असेल तर ते असे दिसते. डी म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या उजव्या अंगाला फुगलेले पोट. ओ म्हणजे आपले पूज्य. झेड म्हणजे वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ, आणि वरच्या रेघेच्या उजव्या टोकापासून खालच्या रेघेच्या डाव्या टोकापर्यंत एक तिरपी रेघ. ई म्हणजे उभी काठी, तिला उजवीकडे फणीसारखे तीन दाते. एन म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि पहिलीच्या डोक्यापासून दुसरीच्या पायापर्यंत तिरपी रेघ.

दुकानदाराला एवढे लिहायला वेळ कुठला? तो डी, ओ, झेड अशी तीन अक्षरे लिहून टिंब देतो. कधी डी आणि झेड एवढी दोनच लिहितो. मावशींच्या चिठ्ठीवर ही दोनच होती. ही दोन अक्षरे नीट ओळखून ठेवावीत. त्यांच्यासारखीच आणखी तीन अक्षरे बिलावर येतात, पी, सी आणि एस. त्यांचा अर्थ नग. तीन डी झेड म्हणजे ३६ वस्तू, आणि तीन पी सी एस म्हणजे फक्त ३. आकडा दोन्हीकडे तोच आहे, तरी ३३ वस्तूंचा फरक पडला. तेव्हा बिलावरचा नुसता आकडा वाचून भागत नाही. त्याच्या मागचे अक्षरही वाचावे लागते.

आता उच्चार पाहू. पाचही अक्षरे जशीच्या तशी वाचली तर 'डोझेन' असे काहीतरी होईल. पण इंग्रजी बोलणारा तसे म्हणत नाही. या शब्दात ओ या अक्षराचा उच्चार तो 'अ' सारखा करतो. पैशाला इंग्रजीत 'मनी' म्हणतात, त्यातही ओ आहे आणि तोही 'अ' सारखाच बोलला जातो. शेवटचा ई तर जवळजवळ ऐकूच येत नाही. इंग्रजीत लिहिणे एक आणि बोलणे दुसरे, असे फार ठिकाणी होते. आपल्या लोकांनी हा शब्द कानांनी ऐकून घेतला, म्हणून मराठीत तो बोलतो तसाच लिहितात. ड, झ, न.

यातल्या झ ची एक गंमत आहे. 'माझा' म्हणा. आता 'माझी' म्हणा. पुन्हा म्हणा, मोठ्याने. जीभ दोन्ही वेळा एकाच जागी टेकते का? नाही. 'माझा' म्हणताना ती दातांच्या मुळाशी जाते. 'माझी' म्हणताना मागे टाळूला लागते. अक्षर एकच आहे, उच्चार दोन आहेत. डझनातला झ हा 'माझा' मधला झ आहे. झाड, झरा, झोप यांतलाही तोच. हिंदीत हा शब्द गेला तेव्हा त्याचे 'दर्जन' झाले. हिंदी मुलखातून माल आला आणि खोक्यावर दर्जन लिहिले असेल तर बावचळू नये. तेही बाराच.

हा शब्द नर की नपुंसक, यावर आमच्या वर्गात एकदा वाद झाला. 'अर्धा डझन' म्हणणारे निघाले, तसे 'अर्धं डझन' म्हणणारेही निघाले. दोघांनाही अंडी सहाच मिळतात, म्हणून आम्ही तो वाद तिथेच सोडला.

शब्दाची वाट

डझन हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला. पण इंग्रजांचाही तो मूळचा नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला. त्याची हकीकत अशी आहे. फ्रान्सच्या उत्तरेला समुद्राकाठी नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तिथला सरदार विल्यम १०६६ साली फौज घेऊन समुद्र ओलांडून गेला आणि त्याने इंग्लंड जिंकले. राज्य फ्रेंच बोलणाऱ्यांचे झाले. दरबारात फ्रेंच आणि कोर्टकचेरीत फ्रेंच. आपल्याकडे मुसलमानी राज्यांत फारसी शब्द आले ना? तारीख, अर्ज, हुकूम, शिक्का हे शब्द आले आणि आपल्यातच राहिले. तसेच तिथे झाले. फ्रेंच शब्द इंग्रजीत हजारांनी शिरले. इसवी सन १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत लिहिलेला आढळतो.

फ्रेंच भाषेत बारा या आकड्याला 'दूझ' म्हणतात, आणि बारांच्या जुडग्याला 'दूझेन'. आपण नाही का, शंभराच्या गटाला शेकडा म्हणत, आणि कडब्याच्या पाच पेंढ्यांना पाचुंदा म्हणत? तोच प्रकार. 'दूझेन' चे इंग्रजांनी डझन केले.

आता फ्रेंचांना तो कुठून मिळाला? फ्रेंच ही लॅटिन भाषेची लेक. लॅटिन म्हणजे जुन्या रोमन लोकांची भाषा. लॅटिनमध्ये बाराला 'दुओदेकिम' म्हणत. शब्द अवघड दिसतो, पण फोडला की सोपा आहे. 'दुओ' म्हणजे दोन. 'देकेम' म्हणजे दहा. दोन आणि दहा मिळून बारा.

इथे थोडे थांबा, आणि आपल्या घरात पाहा. एकादशीचा उपास तुम्हाला माहीत आहे. संस्कृतात एक आणि दश मिळून एकादश, म्हणजे अकरा. म्हणून पंधरवड्याची अकरावी तिथी ती एकादशी. तो उपास आपण दुसऱ्या दिवशी सोडतो. त्या तिथीला काय म्हणतात? द्वादशी. द्वा म्हणजे दोन, दश म्हणजे दहा. दोन आणि दहा मिळून बारा.

लॅटिनमध्ये दुओ आणि देकेम. संस्कृतात द्वा आणि दश. दोन्हीकडे आधी दोन, मग दहा.

नाणे हातोहात फिरले की त्याच्यावरचा छाप झिजतो. तसे शब्दही तोंडोतोंडी झिजतात. द्वादश हा शब्द पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडात फिरला. प्राकृतात त्याचे 'बारस', 'बारह' झाले, आणि मराठीत शेवटी 'बारा' उरले. मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी नाव ठेवतात त्याला बारसे म्हणतात. त्यात तो जुना स अजून टिकून आहे.

म्हणजे पाहा, केळीवाला "डझन घ्या" म्हणतो आणि आपण "बारा द्या" म्हणतो. हे दोन शब्द परके नव्हेत, ते चुलतभाऊ आहेत. एक भाऊ गावातच राहिला, तो बारा. दुसऱ्याचे घराणे दूर रोमकडे गेले, तिथून फ्रान्सला, तिथून इंग्लंडला, आणि शेवटी इंग्रजी राज्याबरोबर बोटीत बसून आपल्या बाजारात आले. इतक्या पिढ्यांनी भेट झाली तेव्हा दोघांनी एकमेकांना ओळखलेच नाही!

वर्गात हे सांगितले तेव्हा एक भाऊ म्हणाले, "असं काहीही जुळवता येईल. योगायोग असेल." शंका रास्त आहे. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. पण इथे रांगच्या रांग जुळते. आपले त्रि, त्यांचे त्रेस. आपले सप्त, त्यांचे सेप्तेम. आपले नव, त्यांचे नोवेम. विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश कलकत्त्याला होते. कामासाठी ते संस्कृत शिकले. लॅटिन आणि ग्रीक त्यांना आधीच येत होत्या. १७८६ साली त्यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या सभेत भाषण केले आणि सांगितले की या तिन्ही भाषांमधले साम्य इतके आहे की ते नुसत्या योगायोगाने घडणार नाही. तिघींचा उगम एकच असला पाहिजे. पुढे विद्वानांनी त्यावर खूप काम केले आणि ही गोष्ट पक्की झाली.

भिंतीवरच्या कॅलेंडरमध्येही हे शब्द लपलेले आहेत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे महिने वाचा. सप्टेंबरात सात आहे, ऑक्टोबरात आपले अष्ट म्हणजे आठ आहे, नोव्हेंबरात नऊ आणि डिसेंबरात दहा. तुम्ही म्हणाल, सप्टेंबर तर नववा महिना, आणि डिसेंबर बारावा! बरोबर आहे. पण जुन्या रोमन लोकांचे वर्ष मार्चपासून सुरू होई. मार्चपासून बोटे मोजा, सप्टेंबर सातवा येतो की नाही ते पाहा. पुढे वर्ष जानेवारीपासून धरू लागले, पण नावे तीच राहिली.

मग इंग्रजांना स्वतःचा बारा नव्हता काय? होता, आणि आहे. 'ट्वेल्व्ह'. त्याचा मूळ अर्थ 'दोन उरले'. दहा बोटे मोजून संपली आणि वर दोन उरले, म्हणजे बारा. अकराला ते 'इलेव्हन' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ 'एक उरला'. यात हसण्यासारखे काही नाही. आपले एकोणीस तरी काय आहे? वीसला एक ऊन, म्हणजे एक कमी. आकड्यांच्या नावांत लोकांनी कधी बेरीज ठेवली, कधी वजाबाकी.

बाराच का?

आता मावशींचा मूळ प्रश्न. बोटे दहा असताना बारा कशाला?

एक उत्तर हातातच आहे. डावा हात पुढे करा. अंगठा सोडून बाकीची चार बोटे पाहा. प्रत्येक बोटाला तीन पेरे. चार बोटांची पेरे बारा. अंगठा एकेका पेरावर ठेवत गेले की एका हातावर बारा मोजून होतात आणि दुसरा हात कामाला मोकळा राहतो. पेरांवर मोजणारी आजीबाई तुम्ही पाहिली असेल. डझन नेमका यातूनच निघाला असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण बारापर्यंत मोजायला हात पुरतो, हे खरे.

दुसरे उत्तर वाटणीचे आहे आणि ते जास्त पक्के आहे. दहा भाकऱ्या आहेत. दोघांत वाटा, पाच-पाच. तिघांत वाटा! तीन-तीन दिल्या, एक उरली, तिचे तुकडे करा. चौघांत वाटा! पुन्हा तुकडे. आता बारा भाकऱ्या घ्या. दोघांत सहा-सहा, तिघांत चार-चार, चौघांत तीन-तीन, सहा जणांत दोन-दोन. एकही मोडावी लागत नाही. बाजारात अर्धा डझन, पाव डझन सहज देता येतो. दहाच्या गटाचा पाव करायला गेले तर अडीच नग होतात, आणि अडीच अंडी कोण देणार?

म्हणून बारा फार ठिकाणी दिसतो. वर्षाचे महिने बारा, राशी बारा, फुटाचे इंच बारा. बारा वर्षांचे एक तप. गावाचे बलुतेदार बारा. आपल्या जुन्या नाण्यांतही बारा होता. वडीलधाऱ्यांना विचारा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि आण्याच्या पया बारा. एक आणा डझन असा भाव असला की एक नग एका पईला. हिशेब तोंडी होई. इंग्लंडातही तसेच होते. तिथे शिलिंगचे बारा पेन्स होत. एक शिलिंग डझन म्हणजे एक नग एका पेनीला.

१ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. इंग्लंडने हीच गोष्ट १५ फेब्रुवारी १९७१ ला केली. शंभराचा हिशेब लिहायला फार सोपा. पण शंभराला बाराने भागून पाहा. आठ येतात आणि चार उरतात. पैसा आणि डझन यांची जुनी जोडी तिथे मोडली. तेव्हापासून डझनाच्या भावावरून एका नगाचा भाव काढायला जरा डोके चालवावे लागते. शेर गेला, मण गेला, आणा गेला, पई गेली. डझन मात्र राहिला. केळी, आंबे, अंडी, बांगड्या अजून डझनाने मिळतात.

तेरांचा डझन आणि बाराचे बारा

इंग्लंडमध्ये 'पाववाल्याचा डझन' अशी एक म्हण आहे, आणि तो डझन तेरांचा असतो. त्याचे कारण असे सांगतात. सुमारे १२६६ साली तिथे पावाच्या वजनाचा कायदा होता. गव्हाचा भाव पाहून पावाचे वजन ठरे. वजन कमी भरले तर पाववाल्याला दंड होई, कधी चारचौघांत खोड्यात उभे करीत. हाताने थापलेला पाव, भट्टीतला जाळ. एखादा हलका निघायचाच. म्हणून डझन घेणाऱ्याला पाववाला वर एक पाव टाकून देई, म्हणजे वजनाची तक्रार नको. आपल्याकडे भाजीवाली मापावर मूठभर घालते, तसेच. फरक एवढाच की भाजीवाली प्रेमाने घालते आणि तो पाववाला भीतीने घालत होता.

बारा डझनांचा आणखी एक गट आहे. त्याला ग्रोस म्हणतात. बारा बारे १४४. हाही फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ मोठा, म्हणजे मोठा डझन. गुंड्या, पेन्सिली असा बारीक माल घाऊक बाजारात ग्रोसने विकतात. गावात छोटे दुकान घालणाऱ्याने हा शब्द ध्यानात ठेवावा. ग्रोसला शंभर समजून भाव केला तर हिशेब ४४ नगांनी चुकतो.

डझनाचा एक सैल अर्थही आहे. "डझनभर वेळा सांगितलं तुला!" असे आपण रागाने म्हणतो, तेव्हा कुणी बारा वेळा मोजलेले नसते. फार वेळा, एवढाच अर्थ. आपला बाराही असाच सैल होतो. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस असतो, त्याने गावे मोजलेली नसतात. बोलण्यात असे चालते. पण पैसे मोजताना सैल अर्थ चालवून घेऊ नये. मावशींच्या बाबतीत तेच झाले होते. "ट्रे म्हणजे दोन डझन" हे बोलण्यातले मोघम माप होते, आणि त्यावर पैसे मोजले जात होते.

कोकणातल्या हापूसच्या पेटीचेही ध्यानात घ्यावे. पेटीचा भाव विचारताना ती किती डझनांची हे आधी विचारतात. पेटी साधारण तेवढीच, पण आंबा मोठा असला की तिच्यात डझन कमी बसतात, आंबा लहान असला की जास्त बसतात. चार डझनांची पेटी आणि सहा डझनांची पेटी यांचा भाव एक कसा असेल? तेव्हा पेटी, ट्रे, खोके, जाळी ही मापे नव्हेत, ती भांडी आहेत. डझन हे भांडे नव्हे, तो आकडा आहे. भांड्यात काय मावते ते बदलते. डझनात बाराच.

मावशींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्या आठवड्यात त्या अंडी घेऊन गेल्या आणि व्यापाऱ्यासमोर बसून ट्रेचे खळगे मोठ्याने मोजू लागल्या. तो म्हणाला, "अहो मावशी, सगळेच दोन डझन धरतात. फुटतूट होते, ती कुणी सोसायची?"

मावशी म्हणाल्या, "फुटलेली बाजूला काढा. मोजा. उरलेल्यांचे पैसे द्या."

मोजली. तीन फुटली होती. उरली ११७. व्यापारी गणकयंत्र काढू लागला, तोवर मावशींनी पेरांवर अंगठा फिरवून सांगितले, "नऊ डझन आणि वर नऊ." डझनाला १२० म्हणजे नगाला १०. अकराशे सत्तर रुपये झाले. ते त्याने दिले. मागचे पैसे मात्र मिळाले नाहीत, आणि मिळतील असे दिसत नाही. त्यांच्या शेजारणींनाही तेवढा तोटा झाला होता. त्यांना काय सांगायचे, याचे मावशींना अजून ओझे वाटते.

आता त्यांच्या चिठ्ठीवर डी झेड नसते. मावशी व्यापाऱ्याला मराठीत 'नग' लिहायला लावतात आणि घेण्याआधी वाचून पाहतात.

करून पाहा

केळी ६० रुपये डझन आहेत. तुम्हाला सातच हवीत. किती रुपये द्याल? एका खोक्यावर ५ आणि पुढे डी झेड लिहिले आहे, दुसऱ्यावर ५० आणि पुढे पी सी एस. जास्त नग कशात आहेत? गुंड्यांचा अर्धा ग्रोस म्हणजे किती डझन? अंड्यांचे सात ट्रे भरले. डझन किती झाले, आणि वर किती उरले का? तुमच्या घरात डझनाने येणाऱ्या वस्तू आठवा आणि त्यांची नावे वहीत लिहा. मग एखादी वस्तू आणाल तेव्हा उघडून मोजून पाहा.

उत्तरे: ३५ रुपये. पहिल्यात, ६० नग. ६ डझन. साडेसतरा डझन, म्हणजे १७ डझन आणि वर ६.